सरासरीच्या पोटात काय असते?

मजुरीच्या वाटाघाटीस बसले की समोरून पहिला आकडा येतो तो सरासरीचा. एकदा आम्हांला असेच ऐकविण्यात आले की, दोन्ही खात्यांची सरासरी सारखीच आहे, मग तक्रार कसली? आमचे शिक्षण रात्रशाळेतले. उत्तर चटकन सुचले नाही. घरी येऊन पगारपत्रके कागदावर मांडली, तेव्हा ते सापडले. त्या मांडणीचीच ओळख येथे करून द्यावयाची आहे.

तिला आयतालेख किंवा हिस्टोग्राम म्हणतात. हा शब्द कार्ल पिअर्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाचा. त्याच्या १८९५ च्या निबंधात तो आढळतो. आडव्या रेषेवर मजुरीचे समान टप्पे पाडावयाचे आणि ज्या टप्प्यात जितकी माणसे, तितका उंच आयत त्यावर उभा करावयाचा.

समजुतीसाठी सोपे आकडे घेऊ. पहिल्या खात्यात १०० कामगार आहेत. रोज ५०० ते ६०० रुपये मिळविणारे २०, ६०० ते ७०० मिळविणारे ६०, आणि ७०० ते ८०० मिळविणारे २०. दुसऱ्या खात्यात २०० कामगार. त्यांतले ८० जण ४०० ते ५०० च्या टप्प्यात, २० जण ५०० ते ६०० मध्ये, २० जण ७०० ते ८०० मध्ये आणि ८० जण ८०० ते ९०० मध्ये. टप्प्याचा मध्य धरून हिशेब केला तर सरासरी दोन्हीकडे ६५०. आता दोन्ही आयतालेख एकाच कागदावर, एकमेकांवर काढा. पहिल्याचा मध्यभागी एकच उंचवटा. दुसऱ्याचे दोन टोकांना दोन. आणि जेथे सरासरी आहे, तेथे दुसऱ्या खात्यातला एकही माणूस नाही!

मात्र काही पथ्ये पाळावयास हवीत. दोन्हींचे टप्पे एकच असावेत. खाती लहानमोठी असतील तर डोकी न मोजता शेकडेवारी घ्यावी. नाहीतर येथे ८० चा आयत ६० च्या आयताहून उंच दिसेल, वास्तविक शेकडा प्रमाण ४० आणि ६० आहे. टप्पे फार रुंद नकोत. सर्वांना ४०० ते ९०० च्या एकाच टप्प्यात कोंबले तर दोन्ही खाती हुबेहूब सारखी दिसतील. कोणाला भेद लपवावयाचा असेल तर हीच युक्ती पुरते. फार अरुंदही नकोत, नाहीतर नुसते दाते दिसतात. एक आलेख फिक्या रंगाने भरावा, दुसऱ्याची फक्त कड काढावी. संगणकावर दोन पातळ रंग एकमेकांवर आले की तिसरा रंग दिसतो. तो तिसरा गट समजू नये.

त्या ८० जणांना कमी का मिळते, हे चित्र सांगत नाही. ते नवखे असतील, बदली असतील, कंत्राटी असतील. त्यासाठी खात्यात जाऊन त्यांनाच विचारले पाहिजे. परंतु कोणाकडे जावयाचे, हे सरासरीने आम्हांला कधीच सांगितले नसते.