मावळ खोऱ्यांतील राहणी व तेथील जुनीं दप्तरें

आपल्याकडील जुन्या कागदांत ‘मावळ’, ‘खोरें’, ‘तर्फ’ हे शब्द पानोपानीं येतात. वाचक बहुधा त्यांस स्थलनामाचें उपपद समजून पुढें जातो. संग्राहकही कागदाची तारीख, शिक्का व मोर्तब पाहतो. पण ज्या खोऱ्यांत तो कागद लिहिला गेला, त्या खोऱ्याची चौकशी सहसा करीत नाहीं. वास्तविक डोंगराच्या कुशींतील मुलुखाची राहणी ठाऊक असल्याखेरीज तेथील महजराचा अर्थ पुरतेपणीं लागत नाहीं. आणि उलटपक्षीं, त्या महजरांवांचून ती जुनी राहणी समजण्यास दुसरें साधन आज फारसें उरलेलें नाहीं. या परस्परसंबंधाचा थोडा विचार भोर शहराभोंवतालचीं रोहिडखोरें, हिरडस मावळ व वेळवंडखोरें यांच्या आधारें येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम नांवाविषयीं. सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख तो मावळ, अशी व्युत्पत्ति सर्वत्र सांगण्यांत येते. ती ऐकावयास गोड आहे. परंतु कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन प्राकृत लेखांत ‘मामालाहार’ असा शब्द आलेला आहे. ‘आहार’ म्हणजे त्या काळचा प्रांतविभाग. आणि कार्लें आजही मावळ तालुक्यांतच मोडतें. दोन स्वरांमधील मकाराचा मराठींत वकार होतो, हें ग्राम-गांव, नाम-नांव, कोमल-कोंवळा या उदाहरणांवरून प्रसिद्ध आहे. आणि तशाच जागीं लकाराचा ळकार होतो. तेव्हां मामाल-मावळ हा क्रम भाषाशास्त्रास धरूनच आहे. ‘मावळणें’ या धातूशीं घातलेला संबंध लोकांनीं मागाहून बसविलेला असावा, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. व्युत्पत्तीपेक्षांही येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हा डोंगरी मुलूख अठराशें वर्षांपूर्वींदेखील स्वतंत्र विभाग म्हणून गणला जात होता.

असें होण्याचें कारण भूमीच्या रचनेंत आहे. भोर हें नीरा नदीच्या कांठचें लहान शहर पुण्याच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर आहे. त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा मुख्य कणा असून त्यापासून पूर्वेकडे सोंडा फुटल्या आहेत. दोन सोंडांच्या मधला ओहळ-ओढ्यांचा प्रदेश म्हणजे एक खोरें. म्हणूनच कित्येक खोऱ्यांस नद्यांचीं नांवें मिळालीं आहेत: मुठेखोरें, मोसेखोरें, कानदखोरें, गुंजणमावळ, वेळवंडखोरें. रोहिडखोऱ्यास मात्र रोहिडा किल्ल्याचें नांव आहे. दक्षिणेस रायरेश्वराचें विस्तीर्ण पठार व त्याची डोंगररांग आहे. तिच्या अलीकडील पाणी नीरेस मिळतें, पलीकडील कृष्णेस. आणि पलीकडे उतरलें कीं वाई. पश्चिमेस वरंधा घाटानें महाडाकडे उतरतां येतें. त्या घाटावर कावळ्या किल्ल्याचा पहारा होता. अशा मुलुखाची शीव आंखावी लागत नसे. पाणी ज्या अंगास उतरेल तें अंग आपलें, हा साधा न्याय होता. कागदांतून शिवेच्या खुणा म्हणून डोंगराची धार, ओढा, खिंड व मोठा धोंडा यांचे उल्लेख वारंवार कां येतात, हें यावरून कळेल.

वस्तीचे शब्दही असेच नीट जाणून वाचावे लागतात. कसबा म्हणजे विभागाचें मुख्य ठाणें, पेठ म्हणजे व्यापाऱ्यांची वस्ती, मौजे म्हणजे पाटील-कुळकर्ण्यांसह नांदतें गांव, आणि मजरा म्हणजे त्या गांवाच्या शिवेंत बसलेली वाडी. देशावर गांव एकवट असतो. पांढरी एकीकडे, काळी दुसरीकडे. मावळांत खाचरें जेथें सांपडतील तेथें घरें जावयाचीं, म्हणून एका मौजाच्या पोटीं अनेक वाड्या. नुसती मौजांची यादी पाहून मावळांतील वस्ती विरळ होती, असें अनुमान काढणें यामुळें धोक्याचें आहे. रोहिड्याच्या पायथ्याच्या गांवाचें ‘बाजारवाडी’ हें नांव किल्ल्याच्या आश्रयानें तेथें बाजार भरत असावा, असें सुचवितें. पुढें भोर हें राजधानीचें गांव झाल्यावर खोऱ्यांतील तांदूळ व रानचा माल तेथें उतरूं लागला, आणि कापड, लोखंड व घाटानें बैलांच्या पाठीवरून वर आलेलें मीठ तेथून खोऱ्यांत जाऊं लागलें. शहर लहान असलें तरी खोऱ्यास तेंच जगाचें दार होतें.

आतां शेतीकडे वळूं. खोऱ्याच्या पश्चिम टोंकास पाऊस कोसळतो, तर पूर्वेस कांहीं कोसांवर तोच निम्म्याहून कमी होतो. त्यामुळें वरच्या बाजूस खाचरांत भात, उतारावर नाचणी व वरी, आणि खालीं उघड्या रानांत ज्वारी-बाजरी अशी पिकांची वांटणी झालेली आहे. भाताची रोपें करण्यासाठीं शेण, पालापाचोळा व झाडांच्या डहाळ्या पसरून पावसापूर्वीं जमीन भाजतात. तिला राब म्हणतात. राबासाठीं रान लागतें. म्हणून रानाचा हक्क हा मावळांत जळणाचा प्रश्न नसून भाताचा प्रश्न होता. उतारावरील जमीन दोनतीन वर्षें कसली कीं पुन्हां पडीत टाकावी लागे. हिशेबी कागदांत पडीत जमिनीचा आंकडा मोठा दिसला कीं परचक्र किंवा दुष्काळ झाला असें आपण लिहून मोकळे होतों. परंतु डोंगरी शेतींत कांहीं पड ही नेहमींचीच असते. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल देऊन पहिल्या वर्षीं अल्प सारा व पुढें दरसाल चढता सारा ठरविण्याची इस्ताव्याची पद्धत अशा मुलुखांत विशेष उपयोगी कां पडली, हेंही यावरून ध्यानांत येईल.

कालगणनाही शेतीशीं बांधलेली आहे. या दप्तरांतील सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रीं आला म्हणजे बदलतो. म्हणजे कागदाचें वर्ष पेरणीबरोबर उजाडतें. उदाहरणार्थ, ‘सीत खमसैन अलफ’ म्हणजे सहा, पन्नास व हजार मिळून १०५६. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदास यांत ५९९ मिळवावे, म्हणजे इ. स. १६५५ येतें, जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या कागदास ६०० मिळवावे, म्हणजे १६५६ येतें. सरसकट ५९९ मिळविणाऱ्याचा वैशाखांतील कागद एक वर्ष मागें जाऊन पडतो. रोहिड्याच्या दरवाजावर आदिलशाही अमदानींतील फारसी व मराठी शिलालेख आहे. त्यांतील शक १५७८ म्हणजे इ. स. १६५६ असल्यानें, त्याच सुमाराचे कागद ताडून पाहण्यास तो एक पक्का आधार आहे.

मावळच्या दप्तरांचें खरें वैभव म्हणजे महजर. वतनाचा, शिवेचा अथवा मानपानाचा तंटा पडला म्हणजे गोत बसे. देशमुख, देशपांडे, गांवोगांवचे पाटील, कुळकर्णी, चौगुले व बलुतेदार एकत्र जमत, पुरावा ऐकत, आणि पुराव्यानें निकाल न झाला तर क्वचित् रवादिव्यासारखा उपाय होई. शेवटीं लिहिलेल्या पत्रावर ज्यास अक्षर येत नसे तो आपली निशाणी करी: पाटलाचा नांगर, कुंभाराचें चाक, परटाची मोगरी, सुताराचें किंकरें. शिवेच्या तंट्यांत महारांच्या साक्षीस विशेष वजन असे, कारण शिवेची राखण पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे होती. निवाड्याचा मथळा व निर्णय एवढाच उतरून घेऊन हाजीर मजालसीचीं नांवें गाळणारे संग्राहक आहेत. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, ज्यांच्याविषयीं दुसरें कोणीच कांहीं लिहून ठेवलें नाहीं, अशा माणसांची नोंद बहुतकरून त्या यादींतच सांपडते.

या राहणीचा राजकारणाशीं संबंध कसा पोंचतो, हें १६५९ सालच्या प्रसंगावरून दिसतें. अफजलखान स्वारीवर निघाला तेव्हां आदिलशहानें मावळच्या देशमुखांस फर्मानें पाठविलीं; त्यांपैकीं १६ जून १६५९ चें फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांस आलेलें प्रसिद्ध आहे. खानाचा तळ वाईस पडला. वाई व रोहिडखोरें यांमध्यें डोंगराची एकच रांग आहे, हें वर सांगितलेंच आहे. तेव्हां त्या रांगेच्या उत्तरेचे देशमुख कोणत्या बाजूस जातात, यावर पुष्कळ अवलंबून होतें. जेधे शिवाजी महाराजांच्या बाजूस राहिले; त्याच खोऱ्यांतील उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. जेधे-खोपड्यांचा देशमुखीचा जुना वांटा-वाद ज्यानें वाचला आहे, त्यास हा प्रसंग केवळ निष्ठा व फितुरी एवढ्यानेंच संपत नाहीं. खोऱ्यांतील भाऊबंदकीची पाळेंमुळें तेथें दिसतात. पुढें जुलै १६६० मध्यें घोडखिंडींत पडलेले बाजीप्रभु देशपांडे हे हिरडस मावळचेच देशकुळकर्णी होते, आणि त्यांच्या जोडीस लढले ते त्याच मावळचे बांदल. एका खोऱ्यांत एकत्र नांदण्याची संवय रणांतही त्यांच्या उपयोगीं पडली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कारीच्या या देशमुख घराण्याच्या दप्तरांतूनच ‘जेधे शकावली’ बाहेर आली. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या (इ. स. १६१८ ते १६९७) नोंदी तींत आहेत. लोकमान्य टिळकांनीं ती उजेडांत आणली. शिवाजी महाराजांची फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतिथि तिनेंच अभ्यासकांपुढें ठेविली, आणि शिवभारतानें तिला दुजोरा दिला. डोंगरांतील वाड्याच्या एका रुमालांत किती मोलाची गोष्ट असूं शकते, याचें याहून मोठें उदाहरण देतां येणार नाहीं.

परंतु असे रुमाल राखणारी व्यवस्था आतां उरलेली नाहीं. पंतसचिवांचें भोर संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. परगणा व कुळकर्णी वतनें रद्द करणारा कायदा १९५० सालीं झाला. तोंपर्यंत वतनदारास कागद जपणें भाग होतें, कारण त्यावर त्याचा हक्क टिकून होता. हक्क गेल्यावर कागद अडगळींत गेला. खोऱ्यांतील तरुण पोट भरण्यास पुण्यामुंबईस गेले; मोडी वाचणारें घरांत कोणी राहिलें नाहीं. शिवाय जमीनच कांहीं ठिकाणीं दिसेनाशी झाली आहे. वेळवंडी नदीवर भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं धरण झालें, आणि १९२७-२८ च्या सुमारास त्याहून मोठें लॉईड धरण पुरें झालें. त्या जलाशयास आतां येसाजी कंकांचें नांव आहे. त्याच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांनीं देशावरचीं रानें हिरवीं झालीं. मात्र वेळवंडखोऱ्याचा तळ पाण्याखालीं गेला. कांबऱ्याचें कांबरेश्वराचें देऊळ वर्षाचे बहुतेक महिने बुडालेलें असतें व उन्हाळ्यांत पाणी ओसरल्यावर दिसतें. देऊळ निदान दिसतें तरी. बुडालेल्या खाचरांचीं, ओढ्यांचीं व शिवेच्या धोंड्यांचीं नांवें आतां शोधावयाचीं तर जुन्या कागदांतच शोधलीं पाहिजेत.

म्हणून संग्राहकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कागद मिळाला कीं तो कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याकडे व कोणत्या रुमालांत होता, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. दुसरी, रुमालांतील क्रम मोडूं नये. शिक्क्याचा कागद तेवढा उचलून हिशेबाचे फर्द मागें टाकणें म्हणजे पोथीचीं चित्रें कापून घेण्यासारखें आहे. तिसरी, मूळ कागद घरधनी देत नसेल तर आग्रह न धरतां नक्कल अथवा छायाचित्र घ्यावें व कागद त्याच्याचकडे नीट राहील असें पाहावें. चौथी व सर्वांत महत्त्वाची, शक्य तर तो कागद त्या खोऱ्यांतच बसून तेथील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास वाचून दाखवावा. कोशांत न सांपडणारा शेताच्या नांवाचा अर्थ तो बोट दाखवून सांगेल.

कागद संग्रहालयांत सुरक्षित राहील, यांत शंका नाहीं. परंतु ‘अमक्या ओढ्याच्या उत्तरेस’ असें त्यांत लिहिलें असतां तो ओढा दाखविणारा मनुष्य कपाटांत ठेवितां येत नाहीं. भोरभोंवतालच्या खोऱ्यांत अशीं माणसें अद्याप आहेत. तीं आहेत तोंवर हें काम होणें अवश्य आहे.