बेडकाचा युरिया आणि भाताचे खाचर

पावसाळा सुरू झाला की भातखाचरांतून बेडकांचा आवाज घुमू लागतो. नाकतोडे, किडे व अळ्या खाणारा हा जीव शेतकऱ्याचा मित्र होय. त्याच्या पोटात गेलेल्या नत्राचे पुढे काय होते, हे जाणून घेतल्यास खाचरात खत कसे द्यावे याचाही बोध होतो.

शरीरात प्रथिनांचे विघटन झाले की अमोनिया तयार होतो. तो विषारी असल्याने अंगात साठविता येत नाही. बेडकाचे पिल्लू, म्हणजे बेडूकमासा, सदैव पाण्यात राहतो. म्हणून कल्ल्यांवाटे व त्वचेवाटे अमोनिया सरळ पाण्यात सोडणे त्यास साधते. पुढे पाय फुटून शेपटी जिरते, त्या सुमारास त्याचे यकृत अमोनियापासून युरिया बनवू लागते. युरिया पुष्कळच कमी विषारी असतो. तो रक्तातून मूत्रपिंडात व तेथून मूत्राशयात जातो आणि थोड्या पाण्याबरोबर बाहेर टाकला जातो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषतो. टंचाईत मूत्राशयातील पाणीही पुन्हा उपयोगात आणतो.

पोत्यातील युरिया व बेडकाचा युरिया हे रासायनिक दृष्ट्या एकच. खताच्या युरियात ४६ टक्के नत्र असते. पाण्यावर फोकलेल्या युरियाचा काही दिवसांतच अमोनिया होतो. खाचरात शेवाळ असल्यास दुपारी पाण्याचा अल्कधर्म वाढतो व अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. त्यातील काही भाग हवेत उडून जातो. उरलेला बेडूकमाशांना घातक ठरतो, कारण जो अमोनिया त्यांनी बाहेर टाकावयाचा, तोच सभोवती दाटलेला असतो. अशा रीतीने शेतकऱ्याचा पैसाही जातो आणि मित्रही.

यास्तव उभ्या पाण्यावर युरिया फोकू नये. चारसूत्री भातशेतीत लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. त्यामुळे नत्र मुळांजवळ राहते व पाण्यात अमोनिया कमी मिसळतो. बेडूक पकडून विकण्याचा मोहही टाळावा. बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ सालीच बंद केली आहे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लावणीपूर्वी खाचराच्या बांधावरच ही माहिती शेतकरी बंधुभगिनींना समजावून द्यावी.