धुणारे हात आणि नव्याचे बिल

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाण्याची गोष्ट सांगावी लागत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. तेल्हारा, बाळापूर, दर्यापूरकडची मूत्रपिंडे निकामी झालेली माणसे एस.टी.ने अकोल्याला नाहीतर अमरावतीला येतात. आठवड्यातून दोनदा, तीनदा. त्यांचे रक्त ज्या वस्तूतून गाळले जाते तिला डायलायझर म्हणतात. प्लास्टिकची एक जाड नळी आणि तिच्यात केसासारखे हजारो पोकळ तंतू. वेष्टनावर बहुधा छापलेले असते : 'एकदाच वापरा'. आपल्या देशात ती सर्रास अनेकदा वापरली जाते.

हे ऐकून लगेच दचकू नये. नीट केले तर हे काम शास्त्रशुद्ध आहे. रुग्णाचे रक्त परत त्याच्या अंगात सोडल्यावर नळी शुद्ध पाण्याने उलटसुलट धुवायची. तंतूंमध्ये मूळच्या किती टक्के जागा शिल्लक आहे ते मोजायचे. ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली की नळी फेकायची. गळती तपासायची. मग पेरासेटिक आम्ल किंवा फॉर्मेलिन भरून, त्याच रुग्णाचे नाव लिहून ठेवायची. पुढच्या वेळी ते रसायन पूर्ण निघाले की नाही याची चाचणी घ्यायची. नळी एका रुग्णाची, दुसऱ्याला कदापि नाही. यातली एक पायरी गाळली की रसायन रक्तात जाते किंवा कावीळ एकाची दुसऱ्याला लागते.

मग 'एकदाच' हा शब्द कोणाचा? तो कारखानदाराचा. अमेरिकेत 1990 नंतरच्या दशकात बहुसंख्य डायलिसिस केंद्रे नळ्या धुऊनच वापरीत. पुढे जी बडी कंपनी केंद्रेही चालवते आणि डायलायझरही बनवते तिने धुणे बंद केले, आणि बाकीच्यांनाही तो रस्ता सापडला. विज्ञानाचा त्यात वाटा नव्हता असे मी म्हणत नाही. पण आपलाच माल आपल्याच केंद्रात दरवेळी नवा खपत असेल तर धुण्यात कोणाला रस राहणार? हृदयाच्या कॅथेटरबाबत उलटे घडले. तिथे अन्न व औषध प्रशासनाने 2000 साली पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच उत्पादक मानून नियमांखाली आणले. धंदा वाढला. तेव्हा स्ट्रायकर या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने 2009 मध्ये पुनर्प्रक्रिया करणारी असेंट ही कंपनी 52 कोटी 50 लाख डॉलरला विकत घेतली. दोन वर्षांनी जॉन्सन अँड जॉन्सनने स्टेरिलमेड घेतली. ज्यांनी 'एकदाच' छापले तेच धुण्याच्या धंद्याचेही मालक झाले! युरोपात 2021 पासून लागू झालेल्या कायद्याचे सतरावे कलम हेच सांगते : धुणारा म्हणजे उत्पादक, आणि जबाबदारीही त्याचीच.

आपल्याकडे 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. त्यांत धुऊन विकणाऱ्याला परवाना देणारी वेगळी वाट नाही. जे चालते ते भिंतीआड चालते, आणि भिंतीआड चालणाऱ्या धंद्याचा नफा कुठे जातो हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत (2012 साली ती दुसऱ्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता) डायलिसिसचा दर ठरलेला असतो. नळी नवी की धुतलेली, दर तोच. बचत केंद्राची, धोका रुग्णाचा. खासगीत तर याहून वाईट. माझ्या थोरल्या भावाचे डायलिसिस एका दवाखान्यात चालू होते. बिलात महिन्याला बारा डायलायझर. धुण्याच्या खोलीतला मुलगा आमच्या ओळखीचा निघाला. तो म्हणाला, "नयी मीच धुतो भाऊ, अन् बिलात दरवख्ताले नवीच लागते."

त्या खोलीत कोण असते ते मुद्दाम पाहावे. ठेकेदारामार्फत आलेला, दहावी-बारावी झालेला, बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला तिथे खराटा अजून जातीनेच वाटला जातो, फक्त त्याचे नाव 'हाउसकीपिंग' झाले आहे. रक्ताने भरलेली सुई टोचली तर हिपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता, लस घेतली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत. एचआयव्हीची हजारात तीन. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम स्पष्ट सांगतात की या कामगारांना लस टोचून घ्यावी आणि वर्षातून एकदा तपासणी करावी.

हेच नियम आणखी एक गोष्ट दाखवतात. 75 किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर दवाखान्याने आपल्या आवारात कचऱ्यावर प्रक्रिया करायची नाही. लाल पिशवीतल्या नळ्या तिकडे जातात, वाफेने निर्जंतुक होतात आणि तुकडे केले जातात. तुकडे यासाठी की 2009 साली गुजरातेत मोडासा इथे घडले ते पुन्हा घडू नये. तिथे वापरलेल्या सिरिंजांनी कावीळ पसरली आणि माणसे मेली. जाळण्या-फोडण्यासाठी दवाखाने एकत्र येऊ शकतात, तर कॅथेटर आणि बलून तपासून, धुऊन, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करून परत देण्यासाठी का नाही? अकोला आणि अमरावती यांच्यात शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे. दोन शासकीय संस्था आणि खासगी दवाखाने मिळून एका चांगल्या केंद्राला पुरेल इतके काम निघू शकते. एकट्या लहान दवाखान्याला ती चाचणी, ते पाणी, ती नोंद परवडत नाही. पण परवाना हवा, प्रत्येक नळीवर क्रमांक हवा, बिलावर 'पुनर्प्रक्रिया केलेली' असे लिहिलेले हवे, आणि धुणाऱ्याला तंत्रज्ञाचा दर्जा व पगार हवा. नाहीतर तो धंदा उभा राहील, मालक मुंबईचा असेल आणि हात पुन्हा आपलेच.

माहितीच्या अधिकारात आपल्या शासकीय डायलिसिस कक्षाला दोन प्रश्न विचारता येतात : एक डायलायझर किती वेळा वापरता, आणि जागा मोजल्याची नोंदवही कुठे आहे? विद्यार्थ्यांनी एका सुटीत एवढे जरी केले तरी पुष्कळ कळेल.

त्या मुलाला मी लशीविषयी विचारले होते. तीन टोचण्या लागतात. त्याला एक मिळाली होती. दुसरीची तारीख येण्याआधी ठेकेदार बदलला.