सफरमैनाची निष्ठा

मुंबई-पुणें रस्त्यानें चिंचवडाहून पुण्याकडे येऊं लागलें म्हणजे कासारवाडीपासून पुढें एका बाजूस लष्करी हद्द लागते, ती दापोडीपर्यंत आपली सोबत करिते. या हद्दीच्या आंत सैन्यांतील इंजिनियरांचें महाविद्यालय आहे. १९४३ सालीं रुडकीस स्थापन झालेलें हें विद्यालय १९४८ सालीं येथें आलें. पूल बांधणें, रस्ते काढणें, सुरुंग पेरणें आणि शत्रूनें पेरलेले सुरुंग काढणें, या विद्या येथें शिकवितात. पलीकडे खडकीस बॉम्बे सॅपर्सचें ठाणें आहे. आमच्या वडिलांच्या पिढींत या लोकांस 'सफरमैना' म्हणत. इंग्रजी नांव मराठी जिभेवर घोळून हा शब्द झाला.

आमचा एक नातू इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षांत असून या खात्यांत शिरण्याचें त्यानें मनांत घेतलें आहे. मध्यंतरीं एके रात्रीं पंक्तीस बसलों असतां त्यानें विचारलें, "आजोबा, देशांतल्या देशांत दोन तट पडले, तर सैन्यांतल्या इंजिनियरानें कोणत्या बाजूस जावें? ज्याचें मीठ खाल्लें त्याच्या, कीं ज्या मातींत जन्मला तिच्या?" आमच्या धाकट्या बंधूंनीं "जेवतांना असलें अभद्र बोलूं नये" असें म्हणून विषय मिटविला, आणि ताकाचें भांडें पुढें सरकलें. परंतु चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत घालविलेल्या मनुष्यास असा प्रश्न सहज सोडवत नाहीं. त्या रात्रीपासून आम्हीं जो विचार केला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, साध्या शिपायापेक्षां इंजिनियराची निवड अधिक जड असते. शिपाई बाजू बदलतो तेव्हां एक तरवार इकडची तिकडे जाते. इंजिनियर बाजू बदलतो तेव्हां त्याच्याबरोबर तटाची कच्ची बाजू जाते, दारूच्या कोठाराची जागा जाते, पुलाचा कोणता खांब उडविला असतां सारा पूल बसेल हें ज्ञान जातें. तरवार खालीं ठेवून निघतां येतें. ठाऊक झालेली गोष्ट मागें ठेवून निघतां येत नाहीं.

आपल्याकडे या प्रश्नाचें मूळ महाभारतांत आहे. युद्धाच्या आरंभीं धर्मराज शस्त्रें ठेवून भीष्म-द्रोणांच्या दर्शनास गेला, तेव्हां त्या दोघांनींही आपण कौरवांच्या अन्नानें बांधले गेलों आहों, अशी कबुली दिली. द्रोणाचार्यांची अडचण तर विशेष. कारण त्यांचे शिष्य दोन्हीं सैन्यांत होते. त्याच वेळीं धर्मराजानें हाक दिली, तेव्हां धृतराष्ट्राचा पुत्र युयुत्सु सर्वांच्या देखत पांडवांकडे निघून आला. त्यानें रात्रीं फितूर केलें नाहीं. युद्धास तोंड लागण्यापूर्वीं, भर दिवसां, तो उघडपणें आला. मीठ एकीकडे ओढतें आणि न्याय दुसरीकडे, असा हा पेंच आहे. आमच्या याच टापूंत तो दोन वेळां प्रत्यक्ष पडला.

पहिला प्रसंग चाकणचा. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला फिरंगोजी नरसाळा याच्या ताब्यांत होता. १६४७ सालीं दादोजी कोंडदेव वारल्यानंतर फिरंगोजीनें शिवाजी महाराजांचा पक्ष पत्करिला, आणि महाराजांनीं त्याजकडेच किल्ला कायम ठेविला. १६६० च्या जून महिन्यांत शायिस्तेखान मोठ्या फौजेनिशीं चाकणावर आला. त्याच्या फौजेंत मराठे सरदारही होते, हें विसरतां कामा नये. तटाच्या आंत मराठे आणि बाहेरही मराठे, असा तो वेढा होता. पावसाळ्याचे दिवस, भोंवतालच्या खंदकांत पाणी, पन्नासांहून अधिक दिवस किल्ला पडेना. तेव्हां खानाच्या लोकांनीं आपल्या मोर्च्यापासून ईशान्येकडील बुरुजाच्या पायापर्यंत भुयार खणिलें आणि १४ ऑगस्ट रोजीं सुरुंग उडवून तो बुरूज आकाशांत उडविला. तरी आंतील लोकांनीं मागें मातीचा आडोसा रचून तो दिवस निभाविला; दुसऱ्या दिवशीं किल्ला गेला. मोगलांकडील २६८ माणसें मेलीं व ६०० जखमी झालीं.

पुढें जें झालें, तें आमच्या विषयाचें खरें मर्म होय. फिरंगोजीचें शौर्य पाहून खान प्रसन्न झाला आणि बादशाही नोकरींत येण्याविषयीं त्यानें त्यास आग्रह केला. ज्यास किल्ला छप्पन दिवस लढवितां येतो, त्यास दुसऱ्याचा किल्ला कसा घ्यावा हेंही समजतें. खान केवळ गुणग्राहक नव्हता, तो विद्येचा गिऱ्हाईक होता. फिरंगोजीनें नकार दिला आणि तो महाराजांकडे परत गेला. किल्ला हरलेल्या मनुष्यानें धन्यासमोर रित्या हातानें उभें राहणें सोपें नसतें. तें त्यानें पत्करिलें. विद्या विकणें पत्करिलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "तर मग मिठास जागावें, म्हणजे झालें." परंतु दुसरा प्रसंग असा आहे कीं, त्यांत मीठ दोन्हीं बाजूंस एकाच घरचें होतें.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत खून झाला. खून करणारे गारदी म्हणजे वाड्याचे पगारी रक्षक. कवायत शिकलेले, बंदुकींत तरबेज. त्यांनीं आपली विद्या अधिक दाम देणाऱ्यास विकली. रामशास्त्री प्रभुण्यांनीं रघुनाथरावांस दोषी ठरवून पद सोडिलें. पुढें १८ एप्रिल १७७४ रोजीं नारायणरावांच्या पश्चात् त्यांचा पुत्र सवाई माधवराव जन्मास आला आणि बारभाईंनीं त्याच्या नांवें कारभार हातीं घेतला. रघुनाथराव इंग्रजांस जाऊन मिळाले. एकाच कुळांत काका एकीकडे व तान्हें मूल दुसरीकडे, अशी ही भाऊबंदकी झाली. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वांटण्या झाल्या आहेत, त्यांस ही अवस्था अधिक फोड करून सांगावयास नको.

त्या वेळीं पेशव्यांच्या तोफखान्याचा अधिकार पानसे घराण्याकडे होता. तोफा ओतणें, दारूगोळा सिद्ध ठेवणें, तोफांचे गाडे घाटांतून चढवून नेणें, हें सारें काम तोफखान्याचेंच असे. आज जें इंजिनियर करितात त्याचा बराच भाग त्यांत आला. भिवराव पानसे यांनीं कोणतें मीठ स्मरावें? काकाही पेशवे, पुतण्याचा पुत्रही पेशवा. मातीही एकच. अशा ठिकाणीं मीठ आणि माती हीं दोन्हीं मापें निरुपयोगी होतात, आणि न्याय हें एकच माप उरतें. पानसे बारभाईंच्या बाजूस राहिले. इंग्रजी फौज रघुनाथरावांस घेऊन बोरघाट चढून आली, तेव्हां ९ जानेवारी १७७९ रोजीं तिला तळेगांव मराठ्यांनींच जाळून ओसाड केलेलें आढळलें. ११ तारखेच्या रात्रीं इंग्रजांनीं आपल्या जड तोफा तेथील तळ्यांत टाकल्या आणि पाय मागें घेतला. परंतु वडगांवापाशीं ते वेढले गेले आणि १६ जानेवारीस त्यांस तह करावा लागला. आज तळेगांव-वडगांवाहून मोटारींचे सुटे भाग घेऊन चाकणच्या कारखान्यांकडे जे ट्रक धांवतात, ते याच भूमीवरून.

आतां आपल्या सीमेबाहेरचें एक उदाहरण घेऊं. कारण इंजिनियर अधिकाऱ्यांपुढें हा प्रश्न अमेरिकेंत जितका उघड उभा राहिला, तितका क्वचितच कोठें राहिला असेल. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत मुख्य शिक्षण इंजिनियरिंगचें असे आणि पहिल्या नंबरांचे विद्यार्थी इंजिनियर खात्यांत घेत. १८६१ सालीं दक्षिणेकडील संस्थानें फुटून निघालीं, तेव्हां हे सहाध्यायी दोहों बाजूंस वांटले गेले. ब्यूरेगार्ड हा इंजिनियर अधिकारी त्या जानेवारींत अवघे पांच दिवस त्या विद्यालयाचा प्रमुख होता. एप्रिलांत सम्टर किल्ल्यावर तोफा डागविणारा सेनापति तोच, आणि किल्ल्याच्या आंत होता त्यास तोफांची विद्या शिकविणारा गुरु, मेजर अँडर्सन.

रॉबर्ट ली हा १८२९ सालीं त्या विद्यालयांतून दुसऱ्या क्रमांकानें उत्तीर्ण झाला होता आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ इंजिनियर खात्यांत होता. १८ एप्रिल १८६१ रोजीं त्यास संयुक्त सरकारच्या फौजेचें आधिपत्य देऊं करण्यांत आलें. २० एप्रिलला त्यानें राजीनामा दिला आणि मग आपल्या व्हर्जिनिया संस्थानाची बाजू घेतली. त्याची रीत स्वच्छ होती. पदावर राहून त्यानें घात केला नाहीं. परंतु ज्या पक्षास त्यानें आपली बुद्धि वाहिली, तो पक्ष माणसांस गुलाम ठेवण्याच्या हक्कासाठीं उभा होता. मातीस जागला, पण न्यायास अंतरला, असेंच त्याच्याविषयीं म्हणावें लागतें. त्याच व्हर्जिनियांत जन्मलेला जॉर्ज टॉमस हा सेनानी संयुक्त सरकारास चिकटून राहिला आणि त्यापायीं माहेरच्या माणसांस कायमचा मुकला.

या कथेंत आमचें मन अधिक रेंगाळतें तें डेनिस मॅहन या शिक्षकापाशीं. त्याचें बालपण व्हर्जिनियांत गेलें. १८३२ पासून तो वेस्ट पॉइंट येथें इंजिनियरिंग शिकवीत होता. तो उत्तरेस राहिला. परंतु युद्धांत दोन्हीं बाजूंनीं जे खंदक खणले गेले, ते त्यानेंच शिकविलेल्या रीतीनें. द्रोणाचार्यांचें दुःख तें हेंच. आम्हीं शाळेंत मुलांस भूमिति शिकविली. ती कोण कशासाठीं वापरील, हें आमच्या हातीं नव्हतें.

आपल्या देशांत १९४७ सालीं घडलें तें अमेरिकेसारखें यादवी युद्ध नव्हे. पण एका सैन्याचीं दोन सैन्यें झालीं, हें खरें. अधिकाऱ्यांपुढें कागद आला: हिंदुस्थान कीं पाकिस्तान? त्यांतही सर्वांस निवड नव्हती. पाकिस्तानच्या मुलखांतील मुसलमानास हिंदुस्थान मागतां येत नसे आणि उरलेल्या हिंदुस्थानांतील बिगर-मुसलमानास पाकिस्तान. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधील मुसलमान जवान, ज्यांनीं मराठ्यांच्या व शिखांच्या खांद्यास खांदा लावून पूल बांधले होते, ते पाकिस्तानच्या सैन्यांत गेले. आझमगड जिल्ह्यांत जन्मलेले ब्रिगेडियर महंमद उस्मान यांस निवड होती. त्यांनीं हिंदुस्थान निवडला, नौशेरा राखलें आणि ३ जुलै १९४८ रोजीं झांगर येथें देह ठेविला.

त्याच नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारा रस्ता एप्रिल १९४८ मध्यें मोकळा केला तो बॉम्बे सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनीं. कारवारजवळच्या चेंडिये गांवचे हे गृहस्थ. ८ एप्रिलला त्यांच्या तुकडीवर तोफगोळे पडून दोन जवान कामास आले आणि ते स्वतः जखमी झाले; तरी सुरुंग काढीत, आडवीं पाडलेलीं झाडें दूर करीत, प्रसंगीं रणगाड्याखालीं सरपटत, त्यांनीं वाट करून दिली. त्यांस परमवीरचक्र मिळालें. त्या वाटेंतील सुरुंग पेरणारे हात कदाचित् एकाच शाळेंत शिकलेले असतील, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. राण्यांच्या मनांत तो आला असला, तरी त्यांचे हात थांबले नाहींत. निवड एकदां झाल्यावर हात कांपूं लागला, तर मागून येणारे आपले लोक मरतात.

यावरून आम्हीं नातवास जें सांगितलें, तें असें. मीठ मोठें आहे, माती मोठी आहे. परंतु दोहोंवर न्याय आहे. न्याय कोणत्या बाजूस हें ठरविणें आपल्यासारख्यांचें काम नव्हे, असें म्हणून सुटतां येत नाहीं. कारण ज्याच्या हातीं विद्या, त्याच्या माथीं निवड. जावयाचें तर आधीं राजीनामा द्यावा, आणि उघड द्यावा; किल्ली खिशांत ठेवून जाऊं नये. राहावयाचें तर पूर्ण मनानें राहावें. आणि कोणीही दाम वाढविला म्हणून विद्या विकूं नये.

त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "आणि दोन्हीं बाजूंस अन्याय असला तर?" आम्हीं म्हटलें, "बाळ, तेव्हां निदान बुरूज उडविणारा होऊं नकोस. जखमी माणसें नेण्यासाठीं पूल बांधणारा हो." हें उत्तर पुरें आहे, असा आमचा दावा नाहीं. त्याच्या चुलत आजोबांस मात्र तें पटलें, आणि येत्या रविवारीं मुलांस घेऊन संग्रामदुर्गाचे अवशेष पाहावयास जाण्याचा बेत त्यांनींच काढिला. चाकणास कामानिमित्त जाणाऱ्या वाचकांनींही घटकाभर तेथें थांबावें. कारखान्यांच्या गर्दींत तो पडका तट अजून उभा आहे, आणि मुलांस विचारावयास लावील इतकें त्याजपाशीं पुष्कळ आहे.