पंपघराची चावी

दिल्ली मेट्रोची निळी मार्गिका ३१ डिसेंबर २००५ रोजी द्वारकेत आली. या उपनगराची ओळख करून घ्यायची तर आजही त्याच गाडीच्या खिडकीशी बसावं. मार्ग उंचावरून जातो आणि दोन्ही अंगांना सोसायट्यांची रांग लागते. आठ-नऊ मजल्यांच्या इमारती, भोवती कुंपण, फाटकावर संस्थेचं ठळक नाव, आत छोटी बाग आणि गाड्यांनी भरलेली वाट. यातल्या बहुतेक सहकारी गृहनिर्माण संस्था. एकाच खात्यातल्या, बँकेतल्या किंवा पेशातल्या लोकांनी एकत्र येऊन दिल्ली विकास प्राधिकरणाकडून भूखंड घेतले आणि वर्षानुवर्षं हप्ते भरून घरं उभी केली. अशा तीनशेहून अधिक संस्था या एका उपनगरात आहेत.

त्याआधी हा भाग पप्पनकलां म्हणून ओळखला जाई. प्राधिकरणाने सुमारे ५,६४८ हेक्टरांवर उपनगर आखलं, जमिनीला सेक्टरांचे क्रमांक दिले, पण गावं उठली नाहीत. पोचनपूर, बागडोला, अंबरहाई, भरथल, धूलसिरस ही गावं अजून सेक्टरांच्या मधोमध नांदतात. सेक्टर १२ मध्ये इमारतींच्या गराड्यात लोदीकालीन बावडी आहे, जुन्या लोहारहेडी गावाची. गावोगावी जोहड, म्हणजे तळी होती. काही बुजली. सेक्टर २३ मधलं एक जोहड रहिवाशांनी स्वतः खपून पुन्हा जिवंत केलं. द्वारकेच्या स्वभावातली ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इथले लोक कामाला हात लावतात, पैसे न घेता, सुट्टीच्या दिवशी.

सोसायटी चालवणारी मॅनेजिंग कमिटी अशीच. निवडून आलेले सेक्रेटरी, प्रेसिडेंट, खजिनदार दिवसा आपापल्या कचेरीत असतात किंवा निवृत्त असतात. पाण्याचा टँकर, लिफ्टचं कंत्राट, सुरक्षारक्षकांचा पगार, सगळं यांच्या गळ्यात. आणि आणखी एक जबाबदारी, जी निवडणुकीच्या भाषणात कुणी उच्चारत नाही. इमारतीत आग लागली तर बंब फाटकात येईपर्यंतची पहिली मिनिटं याच माणसांची असतात. खेड्यात स्वयंसेवकांचं अग्निशमन दल असावं, तसं हे महानगरातलं बिनपगारी दल आहे. त्याचं नेतृत्व दर निवडणुकीला बदलतं.

हा बदल कसा होतो? जुनी कमिटी नव्या कमिटीकडे बँकेची खाती सोपवते, सह्यांचे नमुने बदलतात, सभेच्या इतिवृत्ताची वही, थकबाकीदारांची यादी, कंत्राटांच्या फायली हातात येतात. लेखापरीक्षणावरून वादही होतात. पंपघराची चावी मात्र सुरक्षारक्षकाच्या खिळ्याला टांगलेलीच राहते. ती कुणी मागत नाही, कुणी देत नाही.

पंपघरात शिरलं की तीन पंप दिसतात. सर्वांत लहान तो जॉकी पंप. इमारतीभर उभ्या-आडव्या फिरणाऱ्या लाल नळांत दाब कमी झाला की तो आपोआप थोडा वेळ चालतो आणि दाब भरून काढतो. दुसरा मोठा, विजेवरचा. तिसरा डिझेलवर चालणारा, वीज गेली तर धावून येणारा. भिंतीवरच्या पॅनेलवर प्रत्येकासाठी एक फिरवायचा खटका असतो, ‘ऑटो’, ‘ऑफ’ आणि ‘मॅन्युअल’. रात्री पंप वाजतो म्हणून कुणी तक्रार केली आणि ऑपरेटरने खटका ‘ऑफ’वर नेला, तर सारी यंत्रणा निमूट बसते. डिझेल इंजिनाची बॅटरी महिनोन्‌महिने तपासली नाही तर ते सुरूच होत नाही. दाबमापीचा काटा शून्यावर असेल तर मजल्यामजल्यावरच्या लाल पेट्यांना काही अर्थ उरत नाही. त्या पेट्याही उघडून पाहाव्यात. होज गुंडाळलेला असतो, पण त्याच्या टोकाचं पितळी नोझल जागेवर आहे का? भंगारात त्याला चांगला भाव येतो.

टाकीतल्या पाण्याचीही गोष्ट आहे. द्वारका अनेक वर्षं टँकरवर जगली. मुनक कालव्याचं पाणी घेणारं जलशुद्धीकरण केंद्र आल्यावर दिलासा मिळाला, तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये हरयाणातल्या जाट आंदोलनात कालवा बंद पडला तेव्हा हेही केंद्र अडचणीत आलं. अशा दिवसांत आगीसाठी राखलेली टाकी पिण्याच्या टाकीला जोडण्याचा मोह कोणत्याही सेक्रेटरीला होईल. त्या क्षणी नाही म्हणणारा माणूस कमिटीत असावा लागतो.

१० जून २०२५ च्या सकाळी सेक्टर १३ मधल्या एका निवासी इमारतीत वरच्या मजल्यावर आग लागली. एक गृहस्थ आणि दोन लहान मुलं यांनी जीव वाचवण्यासाठी बाल्कनीतून उड्या टाकल्या. तिघंही गेले. या घटनेनंतर द्वारकेतल्या प्रत्येक कमिटीने आपली इमारत वरच्या मजल्यापासून जिन्याने उतरून एकदा पाहायला हवी होती. जिन्यात कुणाच्या सायकली आहेत, गच्चीच्या दाराला कुलूप का आहे, आणि इमारतीभोवतीची मोकळी जागा गाड्यांनी किती खाल्ली आहे? राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारतीभोवती सहा मीटर मोकळी वाट सांगते, शिडीचा बंब वळावा म्हणून. पार्किंगचे पट्टे आखताना ही वाट सर्वांत आधी जाते.

दिल्लीत कायदा आहे. १३ जून १९९७ च्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ माणसं गेली, तेव्हापासून राजधानी या विषयावर पुन्हा पुन्हा हादरली आहे. दिल्ली अग्निशमन सेवेचं स्वतःचं नेतृत्वही बदललं. १९९४ मध्ये ती महापालिकेकडून दिल्ली सरकारकडे गेली, २००७ चा स्वतंत्र कायदा आला, २०१० मध्ये नियम आले. नियमांनी निवासी इमारतींसाठी १५ मीटरची रेषा आखली. त्याहून उंच इमारतीला अग्निसुरक्षा प्रमाणपत्र हवं, आणि ते पाच वर्षं चालतं. पाच वर्षांत कमिटी बदललेली असते. ज्याने निरीक्षकाला पंप चालवून दाखवला तो माणूस आता साधा सभासद असतो, कदाचित घर विकून गुरुग्रामला गेलेला.

रेषेखालच्या घरांची स्थिती आणखी बिकट. गावांच्या गल्ल्यांत आणि भोवतीच्या वस्त्यांत चार मजल्यांची घरं खेटून उभी आहेत. तळमजल्यावर गाड्या, तिथेच विजेचे मीटर आणि वर जायला एकच जिना. तिथं कमिटीच नाही, मग बदलायचं कोण?

स्वयंसेवकांना बळ देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. केंद्राने १९५८ मध्ये राज्यांना पाठवलेल्या नमुना कायद्यात स्वयंसेवकांची नोंदणी करून साहाय्यक दल उभारण्याची तरतूद होती. केरळने २०१८ च्या महापुरानंतर ती कल्पना प्रत्यक्षात आणली. १२४ अग्निशमन केंद्रं, प्रत्येकाशी जोडलेले ५० स्वयंसेवक, एकूण ६,२००. त्यांना केंद्रातच शिकवलं जातं, त्यामुळे संकटात बंबाच्या माणसांना ते ओळखीचे असतात. द्वारकेच्या अग्निशमन केंद्राला हे जमू नये असं काही नाही. सोसायट्यांत निवृत्त लष्करी अधिकारी आहेत, अभियंते आहेत, शिकायला तयार असलेली कॉलेजची मुलं आहेत.

तोवर महाराष्ट्राकडून एक गोष्ट उचलता येईल. आपल्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला किंवा रहिवाशांच्या संस्थेला परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, ‘ब’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्याही ते नेहमी मनापासून करतात असं नाही. पण सहा महिन्यांचं वेळापत्रक असलं की कुणीतरी पंप चालवतं. द्वारकेतल्या संस्थेला यासाठी दिल्लीच्या कायद्यात बदल होण्याची वाट पाहायची गरज नाही. सर्वसाधारण सभेत एक ठराव पुरतो. वर्षातून दोनदा तपासणी, तिचा अहवाल सूचनाफलकावर, आणि कमिटी बदलेल त्या दिवशी जुन्या व नव्या सेक्रेटरीने सभासदांसमोर दोन्ही मोठे पंप चालवायचे, वरच्या मजल्यावरच्या नळाला पाणी येतं का ते पाहायचं आणि दाबमापीचा आकडा हस्तांतराच्या कागदावर दोघांच्या सह्यांनिशी लिहायचा.