पोर्शे पळते, एसी गळतो!

गाडीचा एसी नीट थंड करत नाहीये, असं घरात नुसतं म्हणून बघा. बाबा, काका, शेजारचे, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘गॅस संपला असेल, भरून घे.’ मग गॅस भरला जातो, दोन महिने गाडीत कुल्फी जमते आणि ऐन मे महिन्यात पुन्हा काचा खाली.

गंमत अशी की एसीतला गॅस संपत नसतो. ते काय पेट्रोल आहे का? बंद नळ्यांमध्ये तोच तो गॅस वर्षानुवर्षं गोल फिरत असतो. कमी झाला, याचा अर्थ कुठून तरी गळतोय. आणि कधी कधी गॅस पुरेपूर असतो, गळतीही नसते, तरी गाडी थंड होत नाही. अशा वेळी काय करायचं, हे शिकायचं असेल तर एका फार देखण्या आणि फार त्रासदायक गाडीकडे जावं लागतं. जुनी पोर्शे ९११. आपल्या वॉलपेपरवर असते तीच, ‘नाइन इलेव्हन’.

माझा मावसभाऊ अमेरिकेत ॲरिझोनामधल्या फिनिक्सला असतो. मूळचा नाशिकचा, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर कायम हीच गाडी काढायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने ती खरीच घेतली. १९८७ ची कॅरेरा, कितव्या मालकाकडून आली हे तो वहिनीसमोर सांगत नाही. फिनिक्स हे शहर वाळवंटात आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या ४३ अंश सेल्सियसच्या वर होता. जळगाव-अकोल्याच्या मंडळींना ४३ चं कौतुक नाही, मला माहितेय. पण सलग ३१ दिवस?

‘अगं, गाडी ताशी दोनशेच्या वर जाऊ शकते,’ दादा व्हिडिओ कॉलवर सांगत होता, ‘पण सिग्नलला उभी राहिली की तंदूर.’ वहिनी एकदा बसली आणि म्हणाली, मी मागून आपल्या टोयोटाने येते. तेव्हा प्रश्न साधा होता. एसी सुधारायचा, नाहीतर गाडी विकायची. वर्षातले पाच महिने झाकून ठेवायची गाडी कशाला पाळायची?

आता ही गाडी एवढी गरम का, ते बघू. एसी ‘थंडी’ तयार करत नाही, तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. काम चौघं मिळून करतात. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबल्यामुळे तो तापतो. तो तापलेला गॅस कंडेन्सरच्या जाळीतून जाताना बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि द्रव होतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो सुटतो, दाब एकदम पडतो, द्रव गार होतो. आणि कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा उकळून गॅस होताना केबिनमधल्या हवेची उष्णता शोषतो. संपलं. घरच्या फ्रिजमध्येही हेच चालतं.

साध्या गाडीत ही चौकडी बॉनेटखाली हाताच्या अंतरावर बसलेली असते. ९११ मध्ये इंजिन मागे आणि डिकी पुढे. (आपल्या नॅनोचंही इंजिन मागेच होतं. हसू नका.) त्यामुळे कॉम्प्रेसर मागे, इंजिनजवळ. एक कंडेन्सर मागच्या झाकणाच्या जाळीखाली, इंजिनच्या डोक्यावर. दुसरा कंडेन्सर पार पुढे, नाकाखाली. कूलिंग कॉइल पुढच्या डिकीत. म्हणजे गॅसने शेपटापासून नाकापर्यंत जायचं आणि परत यायचं, तेही रबराच्या होजमधून. आणि रबर दिसतं घट्ट, पण गॅसचे रेणू त्यातून हळूहळू पाझरतात. कुठे भोक नाही, तेलाचा डाग नाही, तरी एका उन्हाळ्यातून दुसऱ्या उन्हाळ्यात गॅस कमी. जितकी होज लांब, तितका पाझर जास्त. या गाडीत ती फारच लांब आहे.

त्याहून मोठी अडचण इंजिनवरच्या त्या कंडेन्सरची. जुन्या ९११ चं इंजिन पाण्याने नाही, हवेने थंड होतं. १९९८ पर्यंत पोर्शेने ही पद्धत सोडली नाही. मागचा मोठा पंखा बाहेरची हवा खेचून इंजिनवर सोडतो, आणि तीच हवा आधी कंडेन्सरमधून जाते. डिझाइन करणाऱ्यांचा विचार चुकीचा नव्हता. पंखा आहेच, तर त्याची हवा एसीलाही वापरू. पण हा पंखा पट्ट्याने इंजिनला जोडलेला आहे. इंजिन जोरात तर पंखा जोरात. सिग्नलला इंजिन मंद, पंखा मंद, हवा कमी. म्हणजे थंडाव्याची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच एसी सगळ्यात लंगडा. शिवाय एसीने बाहेर टाकलेली उष्णता थेट इंजिनच्या अंगावर. गाडी बंद करून दहा मिनिटं दुकानात जाऊन या, तेवढ्यात इंजिनची धग वर चढून कंडेन्सर भाजून निघालेला असतो. ज्या जर्मनीत ही गाडी जन्मली तिथल्या हवेत हे खपून गेलं. ॲरिझोनात कसं खपेल?

तिसरी भानगड गॅसचीच, आणि ही गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली. त्या काळच्या सगळ्या गाड्यांसारखीच ही गाडीसुद्धा आर-१२ या गॅससाठी बनली होती. आर-१२ म्हणजे फ्रिऑन. १९२८ मध्ये थॉमस मिजली या केमिस्टने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. पेटत नाही, विषारी नाही, वास नाही. देवमाणूसच! (याच मिजलीने त्याआधी पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती काढली होती. एका माणसाने हवेचं किती करावं?) १९७४ मध्ये मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं, की हे सीएफसी वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये माँट्रिअल करार झाला. दादाची गाडीही १९८७ चीच. म्हणजे तिच्या जन्मसालीच तिच्या एसीची मृत्युघंटा वाजली होती. अमेरिकेत आर-१२ चं उत्पादन १९९५ अखेर थांबलं, त्याच वर्षी मोलिना-रोलंड यांना पॉल क्रुट्झन यांच्यासोबत नोबेल मिळालं. भारताने सीएफसी बनवणं ऑगस्ट २००८ मध्ये बंद केलं, मुदतीच्या १७ महिने आधी. ही एक गोष्ट आपण शाळेत फार पटकन उरकली, असं मला वाटतं.

मग आता काय भरायचं? बहुतेक जण आर-१३४ए भरतात. ओझोनला तो धक्का लावत नाही. पण तो जुन्या गाडीच्या अंगाला येत नाही. ६० अंशांना आर-१२ चा दाब साधारण १५ बार असतो, आर-१३४ए चा जवळपास १७. म्हणजे त्याच कंडेन्सरमध्ये, त्याच उन्हात, दाब जास्त चढतो आणि कॉम्प्रेसर धापा टाकतो. शिवाय त्याचे रेणू लहान, त्यामुळे जुन्या रबरातून आणखी पाझर. आर-१२ सोबत चालणारं खनिज तेल याच्यात मिसळत नाही, म्हणून तेलही पॅग किंवा एस्टर प्रकारचं लागतं. वजनाने आर-१२ च्या ८० ते ९० टक्केच भरायचा. ‘जास्त भरला की जास्त थंड’ हा समज इथे साफ उलटा पडतो. जास्त झाला की कंडेन्सर त्या गॅसचा पुरता द्रव करू शकत नाही, आणि व्हेंटमधून येते ती कोमट झुळूक.

दादाने आधी एक छान गोष्ट केली. काहीच विकत घेतलं नाही. स्वयंपाकघरातला थर्मामीटर व्हेंटमध्ये खोचला आणि आठवडाभर आकडे लिहून काढले. हायवेला १९ अंश, सिग्नलला बघवत नव्हतं. मग फुकटातली कामं. पहिलं, हीटर. हवेने थंड होणाऱ्या गाडीत गरम पाणी नसतं, म्हणून ९११ चा हीटर सायलेन्सरच्या पाइपांभोवतीची तापलेली हवा केबिनमध्ये आणतो. ही हवा अडवणाऱ्या झडपा गाडीखाली असतात, गंजतात आणि अर्धवट उघड्या राहतात. म्हणजे एका बाजूने एसी चालू आणि दुसऱ्या बाजूने पायाशी हीटर! दादाच्या गाडीत एक झडप अडकलेलीच होती. ती सोडवली, केबल ताणली. बाहेरची हवा आत आणणारा दांडा पूर्ण बंद केला, म्हणजे ४३ अंशांची हवा पुन्हा पुन्हा गार करायला नको. पुढच्या कंडेन्सरमध्ये अडकलेली पानं, किडे, वाळू काढली. त्याचा पंखा फिरत होता, पण जुनाट वायरिंगमुळे त्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नव्हतं. जाड वायर आणि वेगळा रिले दिल्यावर तो एकदम जागा झाला.

एवढ्यानेच फरक पडला. तरी वहिनी अजून टोयोटातच.

मग खरी खरेदी. दादाने अमेरिकेतली एसीच्या गॅसची सर्टिफिकेटची परीक्षा दिली. तिथे आर-१२ विकत घ्यायला ते लागतंच, आणि गॅस हवेत सोडून देणं गुन्हा आहे. उरलेला आर-१२ मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेतला गेला. मग सगळ्या होज बदलल्या. नव्या ‘बॅरिअर’ होजच्या आत नायलॉनचं अस्तर असतं, त्यातून गॅस फारसा पाझरत नाही. ओलावा शोषणारा ड्रायर बदलला, सिस्टीम उघडली की तो बदलायचाच. नंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल खेचून काढली. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि घाईत हाच गाळला जातो. आत राहिलेला पाण्याचा अंश एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात गोठतो आणि एसी मध्येच बंद पडतो, मध्येच सुरू होतो. मेकॅनिक वायरिंग शोधत बसतो.

पण खरा खेळ कंडेन्सरचा. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, हे तर सातवीचं सायन्स. बाहेर ४३ अंश असताना कंडेन्सरला उष्णता टाकायची, तर त्याला त्याहून बराच तापावं लागतं. फरक जितका कमी, तितकी जाळी मोठी किंवा चांगली हवी. जुने कंडेन्सर गोल नळी आणि त्यावर पत्र्याच्या पाकळ्या असे असतात. नवे ‘पॅरलल फ्लो’ प्रकारचे, चपट्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे, ज्यांच्या आत आणखी बारीक वाटा असतात. तेवढ्याच जागेत गॅसला जास्त धातू भेटतो. दादाने पुढचा आणि मागचा, दोन्ही असे बदलले. तिसरा मागच्या डाव्या चाकाच्या कमानीआड बसतो, स्वतःच्या इलेक्ट्रिक पंख्यासकट. इंजिन मंद असो की जोरात, या पंख्याला फरक पडत नाही. सिग्नलचं दुखणं इथे मिटतं.

नेमकं इथेच जुन्या गाडीवाल्यांची भांडणं लागतात. एक गट म्हणतो, फॅक्टरीतून आली तशीच गाडी हवी, स्क्रूसुद्धा तोच. चाकाच्या कमानीत भोकं पाडली की किंमत गेली, इतिहास गेला. दुसरा गट म्हणतो, गाडी चालवायला असते. मी दुसऱ्या गटात आहे, पण पहिल्या गटाची एक गोष्ट मला पटते. जे परत काढता येईल तेच बदलावं. दादाने तिसरा कंडेन्सर पत्र्याला आधीच असलेल्या बोल्टांवर बसवला, एकही नवं भोक पाडलं नाही. जुने भाग वर्तमानपत्रात गुंडाळून, नावं लिहून माळ्यावर ठेवलेत. उद्याच्या मालकाला १९८७ हवं असेल तर १९८७ मिळेल. डब्यातून मिळणारं ‘लीक बंद’ औषध मात्र त्याने हातात घेतलं नाही. ते गळतीसोबत एक्स्पान्शन व्हॉल्व्हसुद्धा बंद करू शकतं. आणि स्वस्तात एलपीजी किंवा प्रोपेन भरायचा सल्ला कुणी दिला, तर तिथून निघा. तो थंड करतो, खरंय. पण कूलिंग कॉइल फुटली तर पेटणारा गॅस बंद केबिनमध्ये तुमच्यासोबत बसलेला असतो.

आता हायवेला ९ अंश, सिग्नलला १३. फ्रिज नाही झाली, पण माणसं बसतात. वहिनीसुद्धा बसते, फक्त दुपारी नाही. दादाने एक सवयही लावून घेतली आहे. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवतो. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील तेलाने ओलं राहतं, सुकलं की तिथून गळती सुरू. ही युक्ती तुमच्या घरच्या दहा वर्षं जुन्या गाडीलाही तशीच लागू आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आर-१३४ए सुद्धा काही संत नाही बरं का. ओझोनला सोडलं, तरी पृथ्वी तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. म्हणून बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये आता आर-१२३४वायएफ येतो. हौशी मंडळींचं पुढचं पाऊल म्हणजे विजेवर चालणारा कॉम्प्रेसर. तो इंजिनच्या पट्ट्यावर नसतो, त्यामुळे सगळी चौकडी पुढे डिकीतच बसवता येते, होज हातभर उरते, आणि इंजिनच्या डोक्यावरची जाळी कायमची मोकळी. फक्त तो वीज बकाबका खातो, म्हणून आधी अल्टरनेटर दमदार लागतो. दादा सध्या त्याच्या किमती बघतोय. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.