यकृताच्या कर्करोगाची रक्तातली खूण
अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन गर्भाचे यकृत तयार करते. जन्मानंतर त्याचे रक्तातील प्रमाण झपाट्याने घटते; यकृताच्या कर्करोगात मात्र ते अनेकदा पुन्हा वाढते. सोव्हिएत शास्त्रज्ञ गॅरी अबेलेव्ह यांनी १९६३ मध्ये यकृतात गाठ असलेल्या उंदरांत ते दाखवले.

मिलीलिटरमागे ४०० नॅनोग्रॅमहून अधिक पातळी सहसा आक्रमक गाठ सुचवते. शस्त्रक्रियेनंतर पातळी उतरणे हे चांगले लक्षण, तर पुन्हा चढणे हा आजार उलटल्याचा इशारा असू शकतो. सदोष प्रोथ्रॉम्बिन हे दुसरे प्रथिन वाढल्यास गाठ रक्तवाहिन्यांत शिरल्याची शक्यता वाढते.

मात्र काही गाठी अल्फा-फीटोप्रोटीन तयारच करत नाहीत, तर हिपॅटायटिस, सिरॉसिस आणि गरोदरपणातही ते वाढते. त्यामुळे रोगाचे भाकीत करताना गाठींचा आकार, संख्या आणि यकृताची कार्यक्षमताही विचारात घेतात.